व्हीपीएन : चौकातली बंद गाडी

सोलापुरात सात रस्ता नावाचा चौक आहे. नावाप्रमाणेच तेथे सात रस्ते एकत्र येतात. तेथल्या एखाद्या चहाच्या टपरीवर दिवसभर बसून राहिले, तर कोण कुठून आले आणि कोणत्या रस्त्याने गेले हे टिपता येईल. पिशवीत काय आहे ते कळणार नाही. पण एखादा माणूस रोज सकाळी दहाला दवाखान्याच्या दिशेने जातो एवढे कळले, तरी त्याच्याविषयी बरेच काही कळते. इंटरनेटवरचा आपला प्रत्येक संदेश असेच अनेक चौक ओलांडत जातो, आणि पहिल्या चौकात बसलेली असते ती आपल्याला इंटरनेट पुरवणारी कंपनी.

याच भागात राहणाऱ्या एका शिक्षिकेने मला विचारले, "सर, मी मोबाइलवर बँकेचे व्यवहार करते, शाळेची ऑनलाइन माहिती भरते. जाहिरातीत सांगतात, व्हीपीएन नसेल तर सगळे उघड्यावर आहे. पैसे भरून घेऊ, की फुकटचे चालेल?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र चौकात नेमके काय दिसते हे आधी पाहायला हवे.

एके काळी खरोखरच सगळे दिसत असे. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या अमेरिकन प्रोग्रॅमरने 'फायरशीप' नावाचे एक छोटे साधन प्रसिद्ध केले. ते वापरून, एकाच खुल्या वाय-फायवर बसलेल्या शेजाऱ्याच्या फेसबुक खात्यात कोणीही एका टिचकीने शिरू शकत असे. अनेक संकेतस्थळे तेव्हा फक्त पासवर्ड सांकेतिक रूपात पाठवत आणि पुढचा सारा संवाद उघडा ठेवत. धोका लोकांच्या डोळ्यांसमोर यावा हाच बटलर यांचा हेतू होता, आणि तो साधला. पुढच्या काही वर्षांत मोठी संकेतस्थळे एकामागून एक एचटीटीपीएसवर गेली, म्हणजे सगळाच संवाद कुलूपबंद झाला. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर कुलूप नसलेल्या प्रत्येक पानाला 'असुरक्षित' म्हणू लागला. आज बँकेशी होणारा आपला संवाद व्हीपीएनशिवायही कुलूपबंदच असतो. व्हीपीएनच्या जाहिराती बहुधा २०१० सालचे जग रंगवतात.

पण हे कुलूप लागते कसे? किल्ली पाठवायची तर तीही चौकातूनच जाणार. या कोड्याचे उत्तर व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. ते इतके सुंदर आहे की वर्गात करून पाहण्याचा मोह आवरू नये.

चौकाच्या दोन टोकांना एक मुलगी आणि एक मुलगा उभे आहेत अशी कल्पना करा. दोघांना एक गुप्त संख्या ठरवायची आहे, पण बोलायचे ते ओरडूनच, सगळ्यांच्या देखत. आधी दोन संख्या उघडपणे ठरतात : ३ आणि १७. मुलगी मनात ६ धरते, ३ चा सहावा घात काढते (७२९), त्याला १७ ने भागते आणि उरलेली बाकी ओरडून सांगते : "पंधरा!" मुलगा मनात ७ धरतो. ३ चा सातवा घात २१८७, बाकी ११. तो ओरडतो : "अकरा!" आता मुलगी ऐकलेल्या ११ चा सहावा घात घेऊन १७ ने भागते, मुलगा १५ चा सातवा घात घेऊन १७ ने भागतो. दोघांनाही बाकी मिळते ८. हीच किल्ली. तिचा उच्चार कोणी केलेलाच नाही. (मोठे घात काढताना दर पायरीला १७ ने भागून बाकीच पुढे न्यावी. ११ चा वर्ग १२१, बाकी २. म्हणून ११ चा सहावा घात म्हणजे २ चा घन, ८.)

टपरीवरच्या माणसाने ३, १७, १५ आणि ११ या चारही संख्या ऐकल्या. त्याला ६ किंवा ७ शोधून काढता येतील का? येतील, कारण १७ च्या खाली करून पाहायच्या शक्यता फक्त सोळा आहेत. पण १७ च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची योग्य मूळ संख्या घेतली, तर आजच्या संगणकांना हे व्यवहारात जमत नाही. घात काढणे सोपे, बाकीवरून घात ओळखणे महाकठीण, या विषमतेवर सगळा डोलारा उभा आहे. आजचे ब्राउझर बहुधा हीच कल्पना एका विशिष्ट वक्रावरील बिंदूंच्या गणितातून वापरतात.

एक उणीव मात्र राहतेच. "अकरा!" ओरडणारा तो मुलगाच होता कशावरून? मध्ये उभा राहिलेला तिसराच कोणी असेल तर? म्हणून संकेतस्थळाला प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि ब्राउझर ते तपासतो. हे प्रमाणपत्र पत्त्यात दिसणारे नाव खरे असल्याची ग्वाही देते, त्या नावामागचा माणूस सज्जन असल्याची नव्हे. बँकेच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे करून थाटलेल्या दुकानालाही अस्सल कुलूप मिळते.

तर पिशवीला कुलूप आहे. तरीही रस्ता दिसतोच. आपण कोणते पान वाचले, काय लिहिले हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कळत नाही. पण कोणत्या संकेतस्थळावर, किती वाजता, किती वेळ, हे साधारणपणे कळते. व्हीपीएन काम करते ते येथे.

व्हीपीएन म्हणजे चौकातून सुटणारी काळ्या काचांची बंद गाडी. आपला फोन व्हीपीएन कंपनीच्या संगणकाशी वरच्यासारखीच किल्ली ठरवतो आणि कुलूपबंद पिशवीसकट सगळे संदेश त्या गाडीत घालतो. टपरीवरच्या माणसाला आपण गाडीत बसलो एवढेच दिसते. गाडी सिंगापूरला किंवा लंडनला थांबते आणि तेथून आपण पुढे चालू लागतो. पलीकडच्या संकेतस्थळाला आपण लंडनहून आल्यासारखे वाटते. (त्याच संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने खाते उघडलेले असेल, तर लंडनहून येऊनही ओळख लपत नाही, हे वेगळे.)

आता प्रश्न असा : आपण कुठे उतरलो हे कोणाला ठाऊक आहे? गाडीच्या चालकाला. टपरीवरच्या माणसाकडून काढून घेतलेली माहिती आपण चालकाच्या हाती दिली. पाळत नाहीशी झाली नाही, फक्त पाळत ठेवू शकणारा माणूस बदलला. म्हणून 'व्हीपीएन घ्यावे का' या प्रश्नाचा खरा अर्थ 'टपरीवाल्यापेक्षा चालकावर माझा अधिक विश्वास आहे का' असा होतो.

चालकांचा इतिहास फारसा उजळ नाही. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या आणि इतर शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये अँड्रॉइडवरील २८३ व्हीपीएन अॅप तपासली. त्यांपैकी १८ टक्के अॅप संदेश सांकेतिक करतच नव्हती, म्हणजे गाडीला काचाच नव्हत्या. आणि ३८ टक्क्यांमध्ये घातक प्रोग्रॅमची लक्षणे सापडली. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी विकत घेतली होती. तिचे फुकट व्हीपीएन 'तुमची माहिती सुरक्षित ठेवतो' असे सांगत असे आणि लोक कोणती अॅप किती वापरतात याची माहिती मालकाच्या उपयोगासाठी गोळा करत असे. याबद्दल ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०२३ मध्ये फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना एकूण दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. फुकट गाडीचे इंधन कोण भरतो, हे बसण्यापूर्वीच विचारलेले बरे.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने आदेश काढला : व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क, त्याला दिलेला आयपी पत्ता, वापराचे कारण ही माहिती, ग्राहक सोडून गेल्यावरही किमान पाच वर्षे जपून ठेवावी. 'आम्ही नोंदीच ठेवत नाही' हाच ज्यांचा विक्रीचा मुद्दा होता, त्या एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन या कंपन्यांनी त्याच वर्षी भारतातील आपले संगणक हटवले. संस्थांची स्वतःची, कर्मचाऱ्यांसाठीची व्हीपीएन या आदेशातून वगळल्याचे नंतर स्पष्ट करण्यात आले. गुन्हेगाराचा माग लागावा हा हेतू समजण्यासारखा आहे. पण पाच वर्षांची अशी नोंद हीच चोराला खुणावणारी तिजोरी होते, असे मला वाटते.

आणि या गाडीने जे अडतच नाही ते वेगळेच. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांच्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्रॅम घुसवून बनावट कार्डांना परस्पर मंजुरी मिळवली आणि अनेक देशांतील एटीएममधून पैसे काढले. एखादा खातेदार व्हीपीएन वापरत होता की नव्हता, याने काहीही फरक पडला नसता. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून येणारी एपीके फाइल उघडली, की चोर थेट आपल्या घरातच येऊन बसतो. ओटीपी आपण स्वतःच फोनवर सांगतो. पिशवी घरीच रिकामी झाल्यावर रस्ता कसा होता याला काय महत्त्व? अशा वेळी १९३० या क्रमांकावर फोन करायचा, तोही लगेच. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी.

त्या बाईंना मी सांगितले, बँकेसाठी व्हीपीएन विकत घेण्याची गरज नाही. फोन आणि अॅप अद्ययावत ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवा, दुसरी पायरी म्हणून येणारा कोड कोणाला सांगू नका. विद्यापीठाने किंवा कार्यालयाने आपल्या अंतर्गत जाळ्यात शिरण्यासाठी व्हीपीएन दिले असेल, तर ते जरूर वापरा; व्हीपीएनचा जन्मच मुळी त्यासाठी झाला. हॉटेलातल्या वाय-फायवर भरवसा नसेल तर स्वतःच्या मोबाइलचा डेटा वापरणे बहुतेकदा पुरते. पहिल्या चौकापासून रस्ता लपवण्याचे खरे कारण असेल, उदाहरणार्थ नाजूक विषयावर काम करणारा पत्रकार, तर मात्र नीट पारखून घ्यावे : मालक कोण, कोणत्या देशाचा कायदा लागू, बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासणी करून तिचा अहवाल प्रसिद्ध केला आहे का, प्रोग्रॅम सर्वांना पाहण्यास खुला आहे का, वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन पद्धत वापरली आहे का. पीपीटीपी ही जुनी पद्धत मोडीत निघाली आहे. ती दिसल्यास दुकान बदलावे.

शाळेत विंडोजचा संगणक असेल तर चौक प्रत्यक्ष पाहता येतात. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, ट्रेसर्ट ही आज्ञा आणि पुढे एखाद्या संकेतस्थळाचे नाव इंग्रजीत टाइप करा. संदेश ज्या यंत्रांमधून जातो त्यांची यादी एकेक ओळीने उमटेल, प्रत्येकापर्यंत जाऊन परत येण्यास किती मिलिसेकंद लागले त्या आकड्यांसह. परदेशातील एखादे विद्यापीठ घेतले, तर समुद्र ओलांडताना हा आकडा अनेकदा एकदम उडी घेतो. ती ओळ मुलांनाच शोधू द्यावी. काही ओळींत नुसत्या चांदण्या दिसतील. त्या यंत्रांनी ठरावीक वेळात उत्तर दिलेले नसते.