कवटीच्या तळाची रचना आणि पीयूषिका ग्रंथीवरील शस्त्रक्रिया

प्रस्तावना :
शरीरातील अनेक अंतःस्रावी ग्रंथींवर नियंत्रण ठेवणारी पीयूषिका ग्रंथी वाटाण्याएवढी असून तिचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम असते. या ग्रंथीत होणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. मात्र त्या जेथे वाढतात ती जागा अत्यंत अडचणीची आहे. त्यामुळे शस्त्रक्रियेचे यश गाठीच्या स्वरूपाइतकेच कवटीच्या तळाच्या रचनेवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या संबंधाचा परामर्श घेण्यात आला आहे.

कवटीच्या तळाची रचना :
कवटीच्या तळाशी मध्यभागी स्फेनॉइड हे हाड आहे. त्यावरील खोगिरासारख्या खोबणीत, म्हणजेच 'सेला टर्सिका'मध्ये, ही ग्रंथी असते. तिच्या वर दोन्ही दृष्टिचेता एकमेकींना छेदतात. गाठ वर वाढल्यास त्यांच्यावर दाब येतो व रुग्णास दोन्ही कडांचे दिसेनासे होते. दोन्ही बाजूंच्या कॅव्हर्नस सायनसमधून मेंदूस रक्त पुरविणारी अंतर्गत कॅरोटिड धमनी आणि डोळ्यांची हालचाल घडविणाऱ्या चेता जातात. खाली स्फेनॉइड सायनस ही हवेची पोकळी आहे.

शस्त्रक्रियेवरील परिणाम :
इ.स. १९०७ मध्ये हर्मान श्लोफर यांनी इन्सब्रुक येथे नाकाच्या मार्गाने या पोकळीतून ग्रंथीपर्यंत पोहोचून गाठ काढली. आज हाच मार्ग एंडोस्कोपच्या साहाय्याने वापरला जातो. मात्र ही पोकळी सर्वांमध्ये सारखी नसते. ती खोबणीच्या खालपर्यंत पसरलेली असल्यास हाडाची भिंत पातळ असते व मार्ग सुकर होतो. ती खोबणीच्या पुढेच संपत असल्यास अधिक हाड काढावे लागते. काहींमध्ये, विशेषतः लहान मुलांमध्ये, तेथे जवळजवळ भरीव हाड असते. ते ड्रिलने कोरावे लागते.

पोकळीतील पडदाही नेहमी मध्यभागी नसतो. कित्येकदा तो कॅरोटिड धमनीवरील हाडास जोडलेला असतो. असा पडदा जोराने मोडल्यास धमनीस इजा होऊन प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. गाठ कॅव्हर्नस सायनसमध्ये कितपत शिरली आहे, हे ठरविण्यासाठी १९९३ मध्ये मांडलेली नॉस्प श्रेणी वापरतात. धमनीस पूर्ण वेढलेली गाठ संपूर्ण काढणे सहसा शक्य होत नाही. उरलेल्या भागासाठी औषधे वा किरणोपचार यांचा विचार करावा लागतो.

समारोप :
सीटी स्कॅनमुळे हाडांची, तर एमआरआयमुळे गाठ, धमन्या व चेता यांची रचना शस्त्रक्रियेपूर्वीच समजते. येथे काही मिलिमीटरांची चूकही दृष्टी वा प्राण हिरावू शकते. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या कवटीच्या तळाचा स्वतंत्र अभ्यास हीच सुरक्षित शस्त्रक्रियेची पहिली पायरी ठरते.