कोठी आणि गढी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वृत्तपत्रें वाचणारास अलीकडे दोन शब्द वारंवार भेटतात. एक ‘प्रेपर’ आणि दुसरा ‘सर्व्हायव्हलिस्ट’. पुढें येणाऱ्या संकटाच्या विचारानें अन्न, पाणी, औषधें व उपकरणें यांचा सांठा करून ठेवणारीं माणसें, असा ढोबळ अर्थ दोहोंचाहि केला जातो, आणि पुष्कळ लेखक एकाच्या जागीं दुसरा शब्द निःशंकपणें घालतात. जन्मभर मुलांस अमरकोशाची संथा दिल्यामुळें आम्हांस पर्यायशब्द दिसले कीं त्यांतील अंतर तपासून पाहण्याची संवय जडली आहे. तथापि प्रस्तुत विषय निव्वळ शब्दकौतुकाचा नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें व नातवंडें आज न्यू जर्सी, टेक्सास, इलिनॉय अशा संस्थानांत घरें करून राहिलीं आहेत. तेथें वादळें होतात, बर्फ पडतें, चार चार दिवस वीज जाते. आणि अशा वेळीं शेजारच्या दाराकडे कोणत्या दृष्टीनें पाहावयाचें, हें या दोन वृत्तींपैकीं आपण कोणती पत्करली यावर अवलंबून राहतें.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. ‘प्रेपर’ हा शब्द सिद्धता करणें या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाच्या संक्षेपापासून झाला आहे. ‘सर्व्हायव्हलिस्ट’ या शब्दाच्या लॅटिन मुळांत ‘पलीकडेहि जगणें’ असा अर्थ आहे. वादळाच्या पलीकडे, युद्धाच्या पलीकडे, आणि प्रसंगीं इतर माणसांच्याहि पलीकडे. एकाची दृष्टि संकटापूर्वीच्या दिवसांवर आहे, दुसऱ्याची संकटानंतरच्या. पहिल्यास मराठींत नवा शब्द घडविण्याचीहि गरज नाहीं. पावसाळ्यापूर्वीं आपल्या घरांत जी बेगमी होत असे, कणगी भरली जाई, सांडगे-पापड वाळत, लोणच्यांच्या बरण्यांस दादरे बांधले जात, तीच ही वृत्ति. तिचें ठिकाण कोठीची खोली. दुसऱ्या वृत्तीस आम्ही गढी म्हणूं.

कोठीची परंपरा अमेरिकेंत जुनी आहे. युटाह प्रांतांतील मॉर्मन पंथाच्या स्त्रियांनीं १८७६ सालीं पंथप्रमुख ब्रिगहॅम यंग यांच्या सांगण्यावरून गहूं सांठविण्यास आरंभ केला. एमेलिन वेल्स या बाईंकडे त्या कामाचें पुढारीपण होतें. पुढें पहिल्या महायुद्धांत, १९१८ सालीं, या स्त्रियांच्या संस्थेनें आपल्या कोठारांतील सुमारें २ लक्ष बुशेल गहूं सरकारास विकत दिला. त्यानंतर १९५५ सालीं, अणुबाँबच्या भयानें देश ग्रासला असतां, नागरी संरक्षण खात्यानें गृहिणींसाठीं एक मोहीम काढली. तिचें नांवच मुळीं ‘आजीची कोठी’ असें होतें. आजीच्या काळीं कोठी सदैव भरलेली असे, तशी तुमची आहे काय, असा तिचा प्रश्न होता. भय अणुबाँबचें असलें, तरी उपाय मात्र घरगुती होता.

गढीचा उगमहि त्याच भयांत आहे. २५ जुलै १९६१ रोजीं, बर्लिनच्या पेंचप्रसंगीं, अध्यक्ष केनेडी यांनीं राष्ट्रास उद्देशून भाषण केलें आणि अणुहल्ला झाल्यास कुटुंबांस आसरा कोठें मिळेल याचा विचार मांडला. लोकांनीं अंगणांत भूमिगत आसरे खणण्यास सुरुवात केली. आसरा झाला कीं त्यास दार आलें, आणि दार आलें कीं प्रश्न आला: बाहेरून शेजारी धक्के देऊं लागला तर काय करावें? त्याच वर्षीच्या सप्टेंबरांत मॅकह्यू या जेझुइट धर्मगुरूनें ‘अमेरिका’ नामक साप्ताहिकांत असें प्रतिपादन केलें कीं, आपल्या कुटुंबाच्या आसऱ्यांत बळानें शिरूं पाहणारास बळानें हांकलून देण्याचा मनुष्यास अधिकार आहे. वॉशिंग्टनचे बिशप अँगस डन यांनीं या मताचा तीव्र निषेध केला. दोघेहि एकाच येशूचे उपासक. परंतु एकानें दाराच्या आंतून विचार केला व दुसऱ्यानें बाहेरच्या माणसास विसरूं दिलें नाहीं. आमच्या मतें प्रेपर व सर्व्हायव्हलिस्ट यांच्या वाटा खऱ्या अर्थानें येथें फुटतात.

पुढें १९७३ सालीं तेलाचा तुटवडा पडला, महागाई वाढली, आणि शहरें आतां कोसळणार असें सांगणारीं पुस्तकें व पत्रकें निघूं लागलीं. ऑरेगन संस्थानांत जाऊन राहिलेला मेल टॅपन हा लेखक त्या काळीं या वर्गाचा मार्गदर्शक गणला जाई. त्याचें गाजलेलें पुस्तक बंदुकांविषयींचें आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. शहर सोडावें, विरळ वस्तीच्या प्रदेशांत जमीन घ्यावी, तेथें धान्य, बीं-बियाणें व शस्त्रें ठेवावीं, असा हा उपदेश होता. जेम्स वेस्ली रॉल्स या लेखकानें २०११ सालीं आयडाहो, मोंटाना, वायोमिंग आणि लगतच्या दोन संस्थानांचा पूर्वभाग मिळून अशा लोकांनीं वस्तीस जावयाचा प्रदेशच आंखून दिला.

मध्यंतरीं मात्र सर्व्हायव्हलिस्ट हा शब्द बदनाम झाला. १९९२ सालीं आयडाहोंतील रूबी रिज या डोंगराळ ठिकाणीं एकांतांत राहणाऱ्या एका सशस्त्र कुटुंबास सरकारी शिपायांनीं वेढा दिला. त्यांत घरची माता, तिचा अल्पवयी मुलगा व एक सरकारी अंमलदार असे तिघे प्राणांस मुकले. १९९५ सालीं ओक्लाहोमा शहरांतील स्फोटांत १६८ माणसें मेलीं, आणि वृत्तपत्रांनीं तें कृत्य करणाराचें नांव या शब्दाशीं जोडलें. त्यामुळें पुढें २००५ चें वादळ व २००८ चें आर्थिक अरिष्ट यांनंतर जीं साधीं कुटुंबें बेगमीकडे वळलीं, त्यांनीं ‘प्रेपर’ हें नवें नांव धारण केलें. २०१२ ते २०१४ या काळांत दूरचित्रवाणीवरील एका मालिकेनें तें घरोघरीं पोंचविलें. परंतु नांव बदलल्यानें वृत्ति बदलतेच असें नाहीं. कान्सास संस्थानांत ॲटलस क्षेपणास्त्रासाठीं खणलेल्या जुन्या विवरांत धनिकांसाठीं अनेक मजल्यांचीं भूमिगत घरें बांधलीं आहेत. तेथें राहावयास जाणारा स्वतःस प्रेपर म्हणवील. आम्ही त्यास गढीवालाच म्हणूं.

तर मग नांवावर न जातां भेद ओळखावा कसा? सांठ्याच्या आकारावरून तो ओळखतां येत नाहीं. मॉर्मन गृहिणीच्या तळघरांत एखाद्या गढीवाल्याहून अधिक गहूं असूं शकेल. पहिली कसोटी संकटाची. प्रेपर येण्याचा संभव असलेल्या संकटाचा विचार करितो: चक्रीवादळ, भूकंप, गेलेली वीज, गेलेली नोकरी. सर्व्हायव्हलिस्ट सर्व व्यवस्थाच मोडून पडेल असें धरून चालतो. दुसरी कसोटी काळाची. प्रेपर तीन दिवस, तीन आठवडे, फार तर कांहीं महिने मोजतो, कारण नळास पुन्हां पाणी येईल अशी त्याची श्रद्धा असते. सर्व्हायव्हलिस्टाच्या हिशेबांत तें पाणी परत येतच नाहीं. तिसरी व मुख्य कसोटी शेजाऱ्याची: तो साहाय्य कीं धोका?

संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकास येथें दोन गोष्टी आठवतील. पंचतंत्रांतील तीन मत्स्यांच्या कथेंत कोळी येणार हें कळतांच अनागतविधाता तळें सोडतो व वांचतो, प्रत्युत्पन्नमति ऐन वेळीं युक्तीनें सुटतो, आणि दैवावर हवाला ठेवणारा यद्भविष्य मरतो. परंतु अनागतविधाता निघण्यापूर्वीं इतर मत्स्यांस सावध करितो, हा भाग सहज नजरेंतून निसटतो. दुसरी गोष्ट शांतिपर्वांतील. बारा वर्षांच्या अवर्षणांत विश्वामित्र दुसऱ्याच्या झोपडींतून अभक्ष्य मांस चोरतो, तें आपद्धर्म म्हणून क्षम्य ठरतें. पण पाऊस पडल्यावर तोच आचार चालूं ठेवावा असें तेथें कोणी म्हणत नाहीं. आपत्तीचा धर्म आपत्ति येण्यापूर्वींच आचरूं लागणें, हा गढीचा दोष आहे.

आतां अनुभवाची साक्ष काढूं. २९ ऑगस्ट २००५ रोजीं कत्रीना वादळानें न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फुटले व बहुतेक शहर पाण्याखालीं गेलें. त्यांतून पायीं बाहेर पडणाऱ्या लोकांस नदीपलीकडील ग्रेट्ना या उपनगराच्या पोलिसांनीं पुलावरच अडविलें व डोक्यांवरून गोळ्या झाडल्या. त्याच दिवसांत लुइझियानांतील कित्येक सामान्य माणसें आपल्या मासेमारीच्या होड्या गाड्यांस जोडून शहरांत आलीं व छपरांवर अडकलेल्यांस त्यांनीं उतरवून नेलें. एक महिन्यापूर्वींच, २६ जुलै रोजीं, आपल्या मुंबईनें सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिला होता. त्या रात्रीं अनोळखी वाटसरूंस घरांत घेऊन चहा-जेवण देणारीं कुटुंबें आमच्या वाचकांपैकीं अनेकांस ठाऊक असतील.

याहून सूक्ष्म पुरावा शिकागोचा आहे. जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेंत तेथें ७०० हून अधिक माणसें मेलीं. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानें शेजारशेजारच्या दोन वस्त्या तपासल्या. दोन्हींत गरिबी होती, दोन्हींत एकटे राहणारे वृद्ध होते. तरी नॉर्थ लॉनडेलमधील मृत्यूंचें प्रमाण साउथ लॉनडेलच्या कित्येक पट निघालें. दुसऱ्या वस्तींत रस्ते गजबजलेले, दुकानें उघडीं, त्यामुळें म्हातारी माणसें बाहेर पडत. पहिलींत रस्ते ओसाड. भयानें वृद्धांनीं दारें-खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्या बंद खोल्यांत उष्म्यानें त्यांस गांठलें. त्यांनीं हौसेनें गढी बांधली नव्हती. परंतु बंद दार जीव वांचवीलच असें नाहीं, हें त्यांच्या मरणानें दाखविलें.

येथें गढीवाल्यांवर अन्यायहि होतां कामा नये. पाणी गाळणें, जखम बांधणें, शेत पिकविणें, तुटलेलें दुरुस्त करणें या विद्या त्यांच्यांतील पुष्कळांनीं कष्टानें जतन केल्या आहेत. उलट प्रेपरांतहि लोभ शिरतो. मार्च २०२० मध्यें साथ पसरतांच अमेरिकेंतील दुकानांतून शौचाचा कागद नाहींसा झाला. घाईघाईनें केलेली ती खरेदी बेगमी नव्हे. बेगमी सुबत्तेच्या दिवसांत, थोडी थोडी, दुसऱ्याच्या ताटांतलें न ओढतां करावयाची असते.

म्हणून परदेशीं असलेल्या मुलांस पत्र लिहितांना वडील मंडळींनीं पुढील गोष्टी अवश्य कळवाव्या. माणशीं रोज एक गॅलन, म्हणजे सुमारें चार लिटर, या हिशेबानें कांहीं दिवसांचें पाणी घरांत असावें. न शिजवितां खातां येईल असें अन्न, नित्याचीं औषधें, विजेरी, बॅटरीवरचा रेडिओ आणि महत्त्वाचे कागद एके ठिकाणीं असावे. वीज गेल्यावर कोळशाची शेगडी किंवा जनरेटर घरांत कदापि लावूं नये. टेक्सासमध्यें फेब्रुवारी २०२१ च्या हिमलाटेंत २०० हून अधिक माणसें दगावलीं, त्यांतील कांहीं बंद जागेंत कोंडलेल्या विषारी धुरानें. आणि शेवटची गोष्ट अशी कीं, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचीं नांवें माहीत असावीं, त्यांच्यांत एकटें राहणारें वृद्ध माणूस असल्यास त्याची खबर घ्यावी, आणि घराची एक जादा किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवावी. एकत्र कुटुंबांत हें काम न सांगतां होत असे. तेथें तें मुद्दाम करावें लागेल.