एका पेशीची गाठ

गर्भाशय म्हणजे मुख्यतः स्नायूंची बनलेली, जाड भिंतीची एक पिशवी होय. या भिंतीत पुष्कळ स्त्रियांना, विशेषतः तिशी-चाळिशीत, गोल व घट्ट गाठी होतात. त्यांस फायब्रॉइड म्हणतात. काही गाठी वाटाण्याएवढ्या, तर काही नारळाएवढ्या असतात. गाठ म्हणताच कर्करोगाचे भय वाटते. परंतु या गाठी कर्करोगाच्या नव्हेत. गर्भाशयाच्या स्नायूंचा कर्करोग फार विरळा असतो.

मग ही गाठ उद्भवते कशी? १९६५ साली अमेरिकेतील डेव्हिड लिंडर व स्टॅन्ली गार्टलर यांनी या प्रश्नाचे मार्मिक उत्तर दिले. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात; पैकी एकच कार्यरत राहते. काही स्त्रियांत या दोन गुणसूत्रांमुळे एकाच विकराचे दोन प्रकार निर्माण होतात. अशा स्त्रियांच्या निरोगी गर्भाशय-स्नायूत दोन्ही प्रकार सापडले. प्रत्येक गाठीत मात्र एकच. याचा अर्थ उघड आहे. संपूर्ण गाठ ही एकाच पेशीची संतती होय.

त्या मूळ पेशीत काय बिघडते? २०११ साली फिनलंडमधील संशोधकांनी ८० स्त्रियांच्या २२५ गाठी तपासल्या. सुमारे ७० टक्के गाठींत 'मेड-१२' या एकाच जनुकात बदल आढळला. पण बिघडलेल्या पेशीलाही वाढीसाठी पोषक परिस्थिती लागते. ती बीजांडकोशातील संप्रेरके पुरवितात. इस्ट्रोजेन पेशीला प्रोजेस्टेरोनचा संदेश ग्रहण करण्यास सज्ज करते आणि प्रोजेस्टेरोन तिच्या विभाजनास चालना देते. शिवाय या पेशी आपल्याभोवती कोलॅजेनचे तंतू प्रमाणाबाहेर रचतात. गाठीचा कठीणपणा त्यांमुळेच येतो. ऋतुनिवृत्तीनंतर संप्रेरके ओसरली, की गाठी बहुधा आक्रसतात.

उपचारांची दिशा यावरून ध्यानात येईल. त्रास नसेल, तर केवळ देखरेख पुरते. अतिरक्तस्रावाने पंडुरोग जडल्यास लोह व रक्तस्राव कमी करणारी औषधे देतात. संप्रेरकांना अटकाव करणाऱ्या औषधांनी गाठी लहान होतात. मात्र औषध थांबताच त्या पुन्हा वाढू लागतात, आणि ते दीर्घकाळ घेतल्यास हाडे विरळ होण्याचा धोका असतो. गाठीचा रक्तपुरवठा रोखण्याचा उपाय फ्रान्समधील जाक राविना व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केला. गर्भाशय राखून केवळ गाठ काढता येते. परंतु दुसऱ्या एखाद्या पेशीपासून नवी गाठ उद्भवू शकते. गर्भाशयच काढले, तर ही शक्यता संपते; त्याबरोबर गर्भधारणेची शक्यताही संपते.

म्हणून हा शेवटचा उपाय विचारपूर्वकच योजावा लागतो. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सर्व राज्यांना निर्देश दिले. गाठ आढळली, एवढ्यावरून गर्भाशय काढणे अटळ ठरत नाही. गाठीचे स्थान, आकार, स्त्रीचे वय, तिला होणारा त्रास आणि तिची स्वतःची इच्छा, या सर्वांचा विचार करूनच उपाय ठरवावयाचा असतो.