अँकरेजचा लांबलचक दिवस

अलास्कातल्या अँकरेजमध्ये एकच दिवस हाताशी असला की बहुतेक पर्यटक सकाळीच बस पकडून हिमनदी बघायला शहराबाहेर धाव घेतात. माझं सांगणं उलट आहे: तो दिवस शहरातच घालवा. इथलं रान वेशीबाहेर थांबलेलं नाही. शिवाय दिवसही मोठा मिळतो. जूनच्या उत्तरार्धात सूर्य १९ तासांहून अधिक वेळ मावळत नाही.

सुरुवात शिप क्रीकपासून करावी. १९१५ च्या सुमारास रेल्वे बांधायला आलेल्या कामगारांचे तंबू याच ओढ्याच्या मुखाशी पडले आणि त्यातून शहर उभं राहिलं. त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून इथले मूळनिवासी देनाइना लोक इथे मासे धरत होते. आजही मुख्य बाजारपेठेच्या खालच्या अंगाला जूनमध्ये किंग सॅमन समुद्रातून वर चढतो. भरतीची वेळ पाहून माणसं गळ घेऊन येतात, छातीपर्यंतचे रबरी बूट चढवतात आणि करड्या पाण्यात ओळीने उभी राहतात. एखाद्याच्या गळाला मोठा मासा लागला की शेजारचे भराभर आपली दोरी गुंडाळतात, गुंता होऊ नये म्हणून. हे बघत तासभर सहज जातो.

मग भाड्याची सायकल घ्या आणि टोनी नोल्स कोस्टल ट्रेलवर निघा. सुमारे १८ किलोमीटरची ही वाट समुद्राच्या कडेने किंकेड पार्कपर्यंत जाते. ओहोटीला दिसणारा चिखल टणक वाटतो, पण त्यावर पाऊल टाकू नका! हिमनद्यांनी दळून आणलेला तो बारीक गाळ पाय घट्ट धरून ठेवतो, आणि भरती-ओहोटीतला फरक इथे सरासरी नऊ मीटरच्या घरात असतो. वाटेत मूस हे भलंमोठं हरीण आडवं आलं तर थांबा. सोबत पिल्लू असेल तर सरळ मागे फिरा.

याच वाटेवर अर्थक्वेक पार्क लागतं. २७ मार्च १९६४ रोजी ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला, जमीन साडेचार मिनिटं हलत राहिली. खालच्या चिकणमातीचा जोर गेला आणि टर्नअगेन हाइट्स वस्तीतली सुमारे ७५ घरं समुद्राकडे घसरली. आता तिथे झाडी आहे, पण तिच्याखालची उंचसखल जमीन अजून त्या दिवसाची आहे.

पाऊस लागला तर शहरातलं संग्रहालय उत्तम. नाहीतर विमानतळाशेजारच्या लेक हूडवर पाण्यावरून उडणारी विमानं बघा. अलास्कातल्या कित्येक गावांना रस्ताच नाही, तिथे असं छोटं विमान हेच वाहन.

संध्याकाळ फ्लॅटटॉप डोंगरासाठी राखून ठेवा. गाडीने अर्ध्या तासात पायथा येतो. माथा सुमारे १,०७० मीटरवर, शेवटचा टप्पा सुट्या दगडांचा. अस्वलांचा वावर असतो, म्हणून मोठ्याने बोलत चढावं. आभाळ स्वच्छ असेल तर दोनशे किलोमीटरवरचा देनाली पर्वत दिसतो. जूनच्या उत्तरार्धात सूर्यास्त रात्री साडेअकरानंतर, तेव्हा सातला चढायला लागलात तरी उजेडात खाली याल.