केबल लावली, तरी नेट नाही!

पनवेलजवळच्या नावड्यात नेट घरात शिरायच्या वाटा दोन. सिडकोच्या नोडमधल्या नव्या इमारतीत फायबर थेट फ्लॅटमधल्या ओएनटीच्या डबीपर्यंत येतं. गावठाणातल्या घरात बऱ्याचदा शेजारच्या गच्चीवरच्या स्विचमधून लॅन केबल खिडकीतून आत ओढलेली असते. लिनक्सच्या लॅपटॉपवर नेट बंद पडलं की आधी आपल्याकडे यातली कुठली वाट आहे, ते पाहायला हवं. पण लोक आधी लिनक्सवर घसरतात, आणि टेक्निशियन तर 'विंडोज टाका' सांगून मोकळा होतो.

गैरसमज : लिनक्सला लॅन कार्डाचा ड्रायव्हर शोधून टाकावा लागतो.

इंटेल आणि रिअलटेकच्या बहुतेक कार्डांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतात. अडचण येते ती कार्ड नवं आणि कर्नल जुनं असेल तेव्हा. रिअलटेकच्या अडीच गिगाबिटच्या ८१२५ चिपला कर्नलमध्ये आधार मिळाला २०१९च्या ५.४ आवृत्तीत; त्याआधीची आवृत्ती वापरत असाल तर तक्रार रास्त आहे.

गैरसमज : पोर्टचा दिवा लुकलुकतोय, म्हणजे केबल धडधाकट.

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. दिवा एवढंच सांगतो, की दोन टोकांची ओळख पटली. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली, किंवा क्रिम्पिंग करणाऱ्याने चारच तारा जोडल्या, तर कार्ड बहुधा मुकाट्याने १०० वर उतरतं. खूण सोपी आहे : प्लॅन ३०० चा, आणि स्पीड टेस्ट ९४च्या आसपास अडकलेली. 'इथटूल' या आदेशापुढे कार्डाचं नाव दिलं की ठरलेला वेग दिसतो. (आदेश अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायचे.) 'आयपी लिंक' या आदेशाच्या उत्तरात 'नो-कॅरियर' दिसलं, तर सिग्नलच पोचत नाही, केबल बदला, राउटरचं दुसरं पोर्ट वापरून पाहा. आपल्याकडच्या दमट हवेत कनेक्टरच्या पट्ट्या काळवंडतात, तेही बघा. जुनी माहिती वाचून 'ईटीएच०' हे नाव शोधू नका. २०१३ नंतर बहुतेक वितरणांत ते 'ईएनपी३एस०' अशा धर्तीचं झालं आहे.

गैरसमज : मोबाइलवर वाय-फाय चालतंय, मग लॅपटॉपच बिघडला.

वाय-फाय चालतं याचा अर्थ बाहेरून येणारी लाइन ठीक आहे. बिघाड राउटर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये कुठेही असेल. 'आयपी ॲडर' आदेशाने पत्ता पाहा. पत्ताच नसेल किंवा तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेला नाही. डेबियनवर कार्ड 'अनमॅनेज्ड' दिसलं, तर त्याचं नाव नेटवर्कच्या जुन्या इंटरफेसेस फाइलमध्ये अडकलेलं असतं, तिथून काढा.

गच्चीवरून येणारी केबल थेट लॅपटॉपला लावणाऱ्यांची गोष्ट वेगळी. काही केबलवाले कनेक्शन पहिल्या उपकरणाच्या मॅक पत्त्याला बांधून ठेवतात. लॅपटॉप बदलला की नेट गेलं! नवा मॅक पत्ता त्यांच्याकडे नोंदवा. पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड लागत असेल, तर ते नेटवर्क सेटिंगमध्ये भरायची सोय लिनक्समध्ये आहे.

गैरसमज : साइट उघडत नाही, म्हणजे नेट बंद.

आधी राउटरला पिंग करा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१), मग १.१.१.१ला, मग एखाद्या साइटला नावाने. पहिले दोन चालले आणि तिसरा अडला, तर बहुतेक वेळा डीएनएसची गडबड. सेटिंगमध्ये डीएनएस बदलला की काम होतं. पहिला चालला, दुसरा नाही, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे. ओएनटीवर एलओएसचा लाल दिवा असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. तेव्हा लॅपटॉपला हातही लावू नका.

राहता राहिला पुन्हा इन्स्टॉल करायचा उपाय. त्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करून बघा. तिथेही नेट नसेल, तर इन्स्टॉल करूनही बहुधा येणार नाही.

तक्रार नोंदवताना 'माझ्याकडे लिनक्स आहे' यापासून सुरुवात करू नका. 'राउटरला पिंग जातो, १.१.१.१ला जात नाही,' एवढंच सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या.