नावाच्या जागी प्रश्नचिन्हे का येतात?

एका संगणकाने ‘एक्सएमएल’च्या रूपात पाठविलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर पोहोचतो, तेव्हा कधी अगम्य चिन्हांची माळ उमटते, तर कधी नुसती प्रश्नचिन्हे. दोन्ही बिघाड सारखे भासले, तरी त्यांत मूलभूत फरक आहे.

‘मराठी’ या शब्दाचे युनिकोडमध्ये पाच घटक होतात : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. ‘यूटीएफ-८’ पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात. हे पंधरा बाइट रोमन लिपीच्या जुन्या संकेतप्रणालीने वाचले, की पाचांची पंधरा चिन्हे होतात. मूळ बाइट मात्र शाबूत असतात. योग्य पद्धतीने वाचताच मजकूर परत मिळतो. प्रश्नचिन्हांचे तसे नाही. देवनागरीला जागाच नसलेल्या संचात रूपांतर करताना एखाद्या प्रणालीने अक्षरे टाकून दिलेली असतात. अर्जदाराचे नाव असे गेले, तर ते पुन्हा विचारण्यावाचून गत्यंतर नाही. (रिकामे चौकोन दिसल्यास दोष बहुधा केवळ फाँटचा.)

गोंधळाला नियमांचाही हातभार लागला. १९९८ च्या ‘एक्सएमएल १.०’ मानकानुसार संकेतप्रणालीचा उल्लेख नसलेला मजकूर सामान्यतः ‘यूटीएफ-८’ मानला जातो. परंतु २००१ च्या इंटरनेट नियमाने ‘टेक्स्ट/एक्सएमएल’ असा शिक्का असलेला मजकूर, शीर्षकात संकेतप्रणाली न दिल्यास, ‘अॅस्की’ समजावा असे ठरविले. मजकुरात स्वतः ‘यूटीएफ-८’ लिहिलेले असले तरीही! हा विचित्र नियम २०१४ मध्ये रद्द झाला. जुन्या प्रणालींत तो अद्याप दडलेला असू शकतो.

म्हणूनच तपासणी पडद्यावर नव्हे, तर प्रत्येक टप्प्यावरील बाइट पाहून करावी. ‘म’च्या जागी ‘ई० ए४ एई’ दिसले तर मजकूर सुरक्षित आहे. ‘३एफ’ दिसले तर अक्षर त्याआधीच्याच टप्प्यावर हरवले आहे.