सोनोग्राफीची चाळीस वर्षं

ऐंशीच्या दशकात बाळकुम हे खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं गाव होतं. कोलशेतच्या बाजूला कारखाने, आणि डॉक्टरणीकडे जायचं तर ठाणे गाठायचं. सुनेला दिवस गेले की सासू बोटांवर महिने मोजायची. पाचव्यात पोटात हललं की घर निश्चिंत. डॉक्टरीण पोट चाचपायची, नळी लावून ठोके ऐकायची. जुळं आहे हे कधीकधी थेट बाळंतपणातच कळे. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटातलं चित्र दिसतं हे १९५८ मध्येच मांडलं होतं, पण आपल्याकडच्या साध्या घरांपर्यंत ते यायला कितीतरी वर्षं गेली.

आलं तेव्हा वातावरण आधीच नासलेलं होतं. गर्भजल तपासायचं आणि मुलगी असली तर पाडायची, हा धंदा मुंबईत उघडउघड चालला होता. स्त्री संघटना, डॉक्टर, वकील यांनी एकत्र येऊन मोहीम उभारली आणि १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी सोनोग्राफीचं मशीन गल्लोगल्ली पोचलं आणि कायदा कागदावर राहिला. अखेर ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २००३ च्या दुरुस्तीने कायदा कडक झाला. राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. त्या न जन्मलेल्या मुलींचा हिशोब डोळ्यांसमोर असला की सोनोग्राफीच्या वेळी कायद्याने लागणारा ‘एफ’ फॉर्म भरायचा कंटाळा करू नये असं मला मनापासून वाटतं.

पण या कायद्याच्या धाकाने आणखी एक गोष्ट झाली, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बाळ मुलगा की मुलगी हे सांगायला बंदी आहे. शब्दांनी, खुणेने, कशानेही. बाकी काहीच सांगायला बंदी नाही. तरी खोलीत सगळ्यावरच मौन पसरलं. बाई टेबलावरून उतरते, पोटावरचं जेल पुसते, बंद पाकीट घेते आणि काय पाहिलं हे न कळताच घरी जाते. विचारलं तर आपल्यावरच संशय येईल, अशी भीती मी कितीतरी सुनांच्या तोंडून ऐकली आहे.

म्हणून आज बाळकुमच्या टॉवरमधली असो की जुन्या गावठाणातली, प्रत्येकीला आधी माहीत असावं की तिथे होतं काय. पहिली तपासणी साधारण सहा ते आठ आठवड्यांत: गर्भ पिशवीतच आहे ना, ठोके आहेत ना, किती दिवसांचा आहे. दिवस फार थोडे असले तर ती योनीमार्गे करतात. हे आधी सांगितलेलं नसलं तर बाई दचकते. अकरा ते चौदा आठवड्यांदरम्यान एनटी स्कॅन: मानेमागचा पाण्याचा पापुद्रा मोजतात. त्यावरून व्यंगाची फक्त शक्यता कळते, निदान होत नाही.

मग अठरा ते वीस आठवड्यांची अॅनोमली स्कॅन, सगळ्यांत निवांत करायची. खोली अंधारी, एसी गार, जेल त्याहून गार. डॉक्टर डोक्याचा घेर, मांडीचं हाड, पोटाचा घेर मोजतात आणि शेजारी बसलेली मुलगी आकडे टाईप करते. हृदयाचे चार कप्पे, मणका, दोन्ही मूत्रपिंडं, ओठ. बाळ पाठमोरं असलं की सांगतात, काहीतरी खाऊन या, जरा फिरून या. बाहेर बाकावर बसलेली सासू इथे घाबरते. घाबरू नये, बाळ वळलं की पुन्हा बघता येतं.

ही तपासणी वेळेत का, याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात घडलं. २००८ मध्ये भाईंदरच्या मेहता दांपत्याला चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या हृदयातला गंभीर दोष कळला. गर्भपाताला कायद्याची मर्यादा तेव्हा वीस आठवड्यांची. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्यासह ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने परवानगी नाकारली, आणि काही दिवसांत गर्भ आपोआपच पडला. त्या बाईने जे सोसलं त्यातून वाद पेटला तो पेटलाच. कायदा बदलायला मात्र २०२१ उजाडलं. आता गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. तरी मंडळापुढे जायलाही दिवस लागतात. तपासणी पुढे ढकलू नका.

शेवटच्या तिमाहीत वाढ, पाणी आणि वार बघतात. वजनाचा आकडा अंदाजाचाच, त्यावरून सुनेला खाण्यावरून बोलू नये. वार खाली आहे का, पाणी पुरेसं आहे का, बाळ डोक्याकडून आहे की पायाळू, हे डॉक्टरांना सरळ विचारा. आणि पहिल्या तिमाहीचा रिपोर्ट फाईलीत सगळ्यांत वर ठेवा: बाळंतपणाची तारीख त्यावरूनच सर्वांत नेमकी धरतात, नंतरच्या स्कॅनमध्ये मशीन दुसरी तारीख दाखवत असलं तरी.